न पुसलेले गणित

विज्ञानाचे पुस्तक म्हणजे माहितीचा साठा, ही समजूत शाळांच्या ग्रंथखरेदीत अजून दिसते. तिला छेद देणारी दोन पुस्तके आम्ही सुचवतो.

पहिले, डॉ. जयंत नारळीकरांचे आत्मचरित्र ‘चार नगरांतले माझे विश्व’ (२०१२). बनारसच्या घरी शिकायला आलेले मोरूमामा फळ्यावर एखादे अवघड गणित लिहून ठेवत. भाच्याने ते सोडवीपर्यंत किंवा हार मानीपर्यंत ते पुसले जात नसे. शिक्षकांनी घ्यावे असे यात पुष्कळ आहे. ग्रंथ मोठा आहे. विद्यार्थ्यांना बालपणाचा व केंब्रिजचा भाग आधी द्यावा.

दुसरी, नंदा खरे यांची कादंबरी ‘उद्या’. २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला जाहीर झाला. लेखकाने तो नाकारला. तंत्रज्ञान आणि बाजार मिळून माणसांवर पाळत ठेवतात, असा नजीकचा काळ तिच्यात आहे. धागे अनेक असल्याने सुरुवातीला गोंधळ उडतो. म्हणून ती अकरावी-बारावीलाच द्यावी. यातले आज किती खरे झाले, यावर वर्गात वाद घडवावा. कादंबरी उत्तर देत नाही, प्रश्न फळ्यावर तसाच ठेवते. आपणही तो पुसण्याची घाई करू नये.