सूडदेवतांची जागा

खुन्याला द्यावयाच्या शिक्षेत प्रतिशोधाला स्थान असावे काय, या प्रश्नाला एस्किलसने ‘ऑरेस्टेइया’ (इ.स.पू. ४५८) या नाट्यत्रयीत नाट्यरूप दिले आहे. पित्याच्या खुनाबद्दल आईला ठार करणाऱ्या ऑरेस्टेसच्या मागे सूडदेवता लागतात. अथीना न्यायपीठ स्थापते. मते समसमान पडून तो सुटतो. हा शेवट म्हणजे सूडावर विवेकाचा विजय, हे प्रचलित वाचन अपुरे आहे. सूडदेवतांना अथीना हद्दपार करीत नाही. नगरातच निवास आणि मान देते. मृताच्या वतीने उठणारा क्रोध नाकारला, तर न्याय म्हणजे निव्वळ बंदोबस्त ठरतो. निवाडाच त्याच्या हाती सोपवला, तर हत्यांची साखळी तुटत नाही. खटल्यात सूडदेवता फिर्यादी असतात. प्रतिशोधाचे न्यायातील स्थान तेवढेच आहे.