परीक्षण : पेनड्राइव्हच्या दोन खेपा

कोराडीतल्या एखाद्या शाळेत डेबियन लिनक्स आहे, पण इंटरनेट नाही; मग ‘स्टेलॅरियम’ हे तारांगण कसे बसवावे? एकच फाइल आणून भागत नाही. ती ज्या इतर पॅकेजांवर अवलंबून असते, तीही लागतात. रितेश राज सर्राफ यांचे ‘ॲप्ट-ऑफलाइन’ ही यादी शाळेच्या संगणकाकडूनच करवून घेते. यादी पेनड्राइव्हवर घालून नागपूरला न्यावी, पॅकेजे उतरवून आणावीत. कल्पना नेमकी आहे. मात्र संगणकातली पॅकेजसूची जुनी असेल, तर ती अद्ययावत करण्यासाठी आधी वेगळी खेप पडते. शिवाय हे साधनही संगणकावर आधीच हवे. गरज भासते तेव्हा ते नसते. म्हणून शिक्षकांनी लिनक्स बसवतानाच ते मागून घ्यावे.