चेहरा बदललेला मित्र

अंतराळयानातील एखाद्या सहकाऱ्याला परग्रहावरील जीवाचा संसर्ग होतो, त्याचे शरीर दिवसेंदिवस बदलत जाते आणि त्याचा जिवलग मित्र ते पाहत राहतो. विज्ञानकथेतील हे एक जुने आणि हमखास पकड घेणारे कथासूत्र आहे. १९५३ साली ब्रिटिश दूरचित्रवाणीवर दाखवलेल्या 'क्वाटरमास एक्सपेरिमेंट' या मालिकेत अवकाशातून परतलेला प्रवासी वनस्पतीसारख्या जीवात बदलतो. १९७९ च्या 'एलियन' चित्रपटात यानातील एकाच्या छातीत परका जीव वाढतो. आपले विद्यार्थी अशा कथा आता मोबाइलच्या पडद्यावर पाहतात आणि त्याबद्दल वर्गात बोलतातही. 'हे खोटे असते' एवढे सांगून त्यांना गप्प बसवणे सोपे आहे, पण त्यात शिक्षण नाही. कथेतील विज्ञान कुठे टिकते, कुठे घसरते आणि ती माणसाबद्दल काय सांगते, हे तिन्ही तपासले पाहिजे.

त्यासाठी आम्ही 'स्टार ट्रेक' या अमेरिकन मालिकेतील दोन भाग घेतले आहेत. तपासणीसाठी मात्र यवतमाळ जिल्हा आणि त्याचा शेजार निवडला आहे. एका जिवाने दुसऱ्याचे शरीर आणि वागणे बदलून टाकण्याचे अस्सल उदाहरण इथल्या तुरी-कपाशीच्या शेतात सापडते. बदललेल्या मित्राशी कसे वागावे, या प्रश्नाचा इतिहासही याच मुलखात घडला आहे.

दोन मित्र, दोन शेवट

पहिला भाग १९६६ सालचा, 'व्हेअर नो मॅन हॅज गॉन बिफोर'. आकाशगंगेच्या सीमेवरील एका गूढ पट्ट्यातून यान जाते आणि कॅप्टन कर्कचा जुना मित्र गॅरी मिचेल बदलू लागतो. त्याचे डोळे चांदीसारखे चकाकतात, मनाची शक्ती वाढते आणि इतरांविषयीची कणव आटत जाते. स्पॉक हा थंड डोक्याचा अधिकारी सल्ला देतो, की याला निर्जन ग्रहावर सोडा, नाहीतर वेळीच ठार करा. कर्क आधी नकार देतो, पण अखेर मित्र त्याच्याच हातून मरतो. यानाच्या नोंदवहीत मात्र कर्क मिचेलला दोषी ठरवत नाही. कर्तव्य बजावताना त्याला मृत्यू आला अशी नोंद तो करतो, कारण जे घडले ते मिचेलने मागून घेतलेले नव्हते.

दुसरा भाग १९९१ सालचा, 'आयडेंटिटी क्रायसिस'. पाच वर्षांपूर्वी एका ग्रहावर उतरलेल्या तुकडीतील माणसे एकामागून एक पळून त्याच ग्रहाकडे परत जात आहेत. तुकडीतील दोघेच मागे उरले आहेत, अभियंता जॉर्डी ला फोर्ज आणि त्याची मैत्रीण सुझाना लायटन. आधी सुझाना बदलू लागते. तिची बोटे जुळतात, त्वचेवर निळ्या शिरा उमटतात, उजेड सहन होईनासा होतो. डॉक्टरांना तिच्या थायमस ग्रंथीत एक परजीवी सापडतो. तो काढल्यावर ती सावरते. तोवर जॉर्डी पूर्ण बदलून ग्रहावर निघून गेलेला असतो. सुझाना त्याच्या मागे जाते, त्याला नावाने हाक मारते, हात पुढे करते आणि तो परत येतो.

दोन्ही कथांत मित्र बदलतो, पण पहिलीत शस्त्र उचलले जाते आणि दुसरीत हात पुढे होतो. पहिल्या कथेत मित्राला नेमके काय झाले हे शेवटपर्यंत कोणाला कळत नाही. दुसरीत रोगाचे कारण सापडलेले असते. हात पुढे करण्याचे धैर्य काही अंशी ज्ञानातूनही येते, ही या भागाची पहिली जमेची बाजू.

सावलीचा शोध

दुसरी जमेची बाजू तपासाची रीत. जॉर्डी पाच वर्षांपूर्वीचे चित्रीकरण घेऊन तो प्रसंग यानातील एका खोलीत त्रिमितीत उभा करतो. प्रत्येक माणसाची सावली प्रकाशाच्या दिशेशी जुळवून पाहतो. हिशेब लागलेली प्रत्येक आकृती काढून टाकत गेल्यावर एक सावली अशी उरते, की जिला माणूसच नाही. म्हणजे तिथे न दिसणारे कोणीतरी उभे होते. सातवी-आठवीच्या वर्गात 'प्रकाश व छाया' शिकवताना हा प्रसंग जरूर सांगावा. ज्ञात गोष्टी वजा करून अज्ञाताकडे जाण्याचे इतके सुबक उदाहरण पाठ्यपुस्तकातही क्वचित मिळते.

पण येथेच एक चूकही आहे. हे जीव अदृश्य असूनही त्यांना दिसते. डोळ्याला दिसायचे तर दृष्टिपटलाने प्रकाश शोषला पाहिजे, आणि प्रकाश शोषणारी वस्तू पूर्ण अदृश्य राहू शकत नाही. शिवाय प्रकाश आरपार जात असेल तर सावली पडायची कशी? ही विसंगती मुलांनाच शोधू द्यावी, त्यांना ती सापडते.

शिवारातील रूपांतर

आता मुख्य प्रश्न. परका जीव अंगात शिरून आपले शरीर आणि वागणूक बदलेल काय? उत्तरासाठी दारव्हा किंवा पांढरकवड्याच्या शिवारात जाऊ. हरभऱ्यावरची घाटेअळी, कपाशीवरची हिरवी बोंडअळी आणि तुरीच्या शेंगा पोखरणारी अळी या तिन्ही नावांनी आपण एकाच किडीला ओळखतो. तिचे शास्त्रीय नाव हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. या अळीला एक विषाणू मारतो. शेतकरी त्याला एच.ए.एन.पी.व्ही. म्हणून ओळखतात. उन्हातील अतिनील किरणांनी तो निकामी होतो, म्हणून त्याची फवारणी सायंकाळी करतात.

विषाणूचे कण प्रथिनांच्या स्फटिकात बंद असतात. पानाबरोबर ते अळीच्या पोटात जातात. तिच्या आतड्यातील रस अल्कधर्मी असल्याने स्फटिक विरघळतो आणि विषाणू पेशींत शिरतो. काही दिवसांत अळी खाणे सोडते आणि झाडाच्या शेंड्याकडे चढू लागते. तिथे मागच्या पायांनी पकड घेऊन डोके खाली लोंबकळत ती मरते. तिची त्वचा फुटते आणि विषाणूंनी भरलेला द्रव खालच्या पानांवर ओघळतो, पुढच्या अळ्यांसाठी. हे चढणे अळीच्या हिताचे नसून विषाणूच्या हिताचे असते. जिप्सी मॉथ या पतंगाच्या अळीत या वागण्यामागे विषाणूचे एक विशिष्ट जनुक असल्याचे २०११ मध्ये दाखवले गेले. चीनमधील संशोधकांनी २०२२ मध्ये आपल्या या घाटेअळीबद्दल दाखवले, की विषाणू तिची प्रकाशाकडे जाण्याची ओढ वाढवतो. कथेतील सुझाना उजेडापासून पळते, शेतातली अळी उजेडाकडे ओढली जाते. दोन्हीकडे इच्छा मात्र दुसऱ्याची!

म्हणजे कथेतील कल्पना निराधार नाही. पण आता उलट बाजू पाहू. हाच विषाणू फवारणाऱ्या माणसाच्या हातावर पडतो, बैलाच्या चाऱ्यावर पडतो, मधमाशीच्या पंखावर पडतो. त्यांना काहीच होत नाही. प्रत्येक पेशीच्या दाराला वेगळे कुलूप असते आणि या विषाणूजवळ एकाच किल्लीचा जुडगा आहे. तो जुडगा लाखो वर्षांच्या सहवासातून घडला आहे.

याउलट रासायनिक विषाला किल्ली लागत नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके मज्जासंस्थेतील जे विकर बंद पाडतात, ते अळीत आहे तसेच माणसातही आहे. २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, त्याच्या मुळाशी हे साम्यही आहे. थोडक्यात, विष परके असले तरी चालते. परजीवी परका असून चालत नाही. रेबीजचा विषाणू कुत्र्याकडून माणसाकडे येतो, पण कुत्रा आणि माणूस दोघेही सस्तन, म्हणजे नात्यातलेच.

परग्रहावरील जीवाचे आपल्याशी असे कोणतेच नाते नसणार. त्याच्यात डी.एन.ए. असेलच असे नाही, आणि असला तरी त्याची सांकेतिक लिपी तीच असण्याचे कारण नाही. डॉ. जयंत नारळीकरांच्या 'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेत माणूस आरशातील प्रतिमेसारखा उलटतो. अशा माणसाला आपली भाकरी पचेल का, हा प्रश्न मुलांना विचारून पाहावा. आपली प्रथिने डावखुऱ्या अमिनो आम्लांची, शर्करा उजव्या वळणाच्या. नुसती दिशा उलटली तरी रेणूंचा मेळ बसत नाही, मग मुळातच वेगळ्या जीवसृष्टीची काय कथा! काही तासांत माणसाचे सारे शरीर बदलणारा 'आयडेंटिटी क्रायसिस'मधील परजीवी या कसोटीवर नापास होतो.

घरचाच परका

मग माणसाचे रूप बदलणारा परजीवी नाहीच का? आहे, पण तो ताऱ्यांवरून आलेला नाही. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेतील हॅन्सन यांनी १८७३ मध्ये शोधला. त्याची जनुकीय संहिता २००१ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा दिसले की त्याची जवळजवळ निम्मी जनुके मोडीत निघाली आहेत. पोशिंद्याच्या पेशीत राहण्याची त्याला इतकी सवय झाली आहे, की तो प्रयोगशाळेतील साध्या खाद्यावर वाढतच नाही. मज्जातंतूंभोवती श्वान पेशींचे आवरण असते, तिथे तो घर करतो. २०१३ मध्ये एडिंबरा येथील संशोधकांनी उंदरांच्या पेशींवर दाखवले, की हा जंतू श्वान पेशींची ओळखच पुसून त्यांना मूलपेशींसारखे बनवू शकतो. विज्ञानकथेतले रूपांतर ते हेच, फक्त पेशीच्या पातळीवरचे.

आणखी एक साम्य पाहा. कथेत संसर्ग आणि बदल यांत पाच वर्षे जातात. कुष्ठरोगातही संसर्गापासून लक्षणांपर्यंत सरासरी पाच वर्षे लागतात. कथेत सुझानाची बोटे जुळतात. इथे मज्जातंतू निकामी झाल्याने बोटे वाकतात.

या रोगाच्या बाबतीत आपला समाज दीर्घकाळ स्पॉकच्या सल्ल्याने चालला. माणूस बदलला, आता तो आपला नाही, त्याला गावाबाहेर सोडा. १८९८ चा लेपर्स ॲक्ट २०१६ मध्ये रद्द झाला. जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यातून २०१९ मध्ये निघाले. पण दुसरी वाटही याच मुलखात घडली. यवतमाळच्या शेजारी, वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामला, परचुरे शास्त्री आले. ते संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगातले गांधीजींचे परिचित. कुष्ठरोगाने त्यांचे शरीर पोखरले होते आणि त्या वेळी प्रभावी औषध नव्हते. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतःच्या हाताने त्यांना मालीश केले. वर्धा नदीच्या पलीकडे वरोऱ्याला बाबा व साधनाताई आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि आनंदवन उभे राहिले. सुझानाने पुढे केलेला हात या मुलखाला परका नाही.

बरा झालेला मित्र

येथे आमचा या भागावरील मुख्य आक्षेप येतो. जॉर्डी परत येतो तो जुन्या चेहऱ्याने. परजीवी काढला, औषध दिले आणि सारे पूर्ववत झाले. त्याच्या सहकाऱ्यांना नव्याने काही स्वीकारावे लागत नाही. कथेने भीती दाखवली, मैत्री दाखवली आणि सर्वांत अवघड प्रश्न मात्र सोडून दिला.

वास्तवात तसे होत नाही. १९८० च्या दशकात आलेल्या बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग सहा ते बारा महिन्यांत बरा होतो आणि उपचार सुरू होताच रुग्णापासून संसर्गाचा धोका झपाट्याने कमी होतो. पण उशीर झाला असेल तर जंतू मरतात आणि मेलेला मज्जातंतू मात्र परत येत नाही. बधिर तळवा बधिरच राहतो, झडलेली बोटे उगवत नाहीत. मित्र पूर्ण बरा होऊन येतो, पण वेगळ्या हातांनी येतो. त्याला ओळखण्याची वेळ तेव्हा येते आणि आपण नेमके तेव्हाच चुकतो. रोग गेल्यावरही चेहऱ्याकडे पाहून त्याला रोगी म्हणतो. चांगल्या विज्ञानकथेने कॅमेरा त्या क्षणी बंद करायला नको होता. विज्ञानातील चूक एक वेळ माफ करता येईल, ही सूट माफ करणे कठीण आहे.

म्हणून शिक्षकांनी ही कथा टाळू नये, ती वर्गात पुरी करावी. सावलीचा प्रसंग सांगावा, घाटेअळी दाखवावी आणि मग विचारावे, की जॉर्डीची बोटे तशीच राहिली असती तर यानावर त्याच्या शेजारी जेवायला कोण बसले असते? मुलांना उत्तर लिहून काढू द्यावे.

आणि वर्गातील एखाद्याच्या अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर त्याची चारचौघांत वाच्यता न करता पालकांशी बोलावे आणि त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. तिथे तपासणी आणि औषध दोन्ही मोफत मिळतात. वेळेवर नेले तर त्या मुलाचे हात आहेत तसेच राहतील. त्याची वर्गातील जागाही आहे तीच राहू द्यावी.