बॅग कोणाच्या खांद्यावर?

माझे मामा दौंडला राहतात. त्यांच्या घरी दारामागं, छत्रीच्या शेजारी, गोल्फची एक जुनी काठी उभी असते. दांडा लाकडी, डोकं लोखंडी, मुठीला गुंडाळलेली चामड्याची पट्टी आता निम्मी सुटलेली. तरुणपणी मामा पुण्यातल्या एका गोल्फ मैदानावर अकरा वर्षं कॅडी होते. खेळणाऱ्या साहेबाची बॅग वाहायची, गवतात गेलेला चेंडू शोधायचा, अंतर सांगायचं, हे त्यांचं काम. एका म्हाताऱ्या साहेबांनी घरातली अडगळ काढताना ही काठी त्यांना देऊन टाकली.

गेल्या दिवाळीत मी त्यांना मोबाइलवर ‘टॉमीज ऑनर’ हा चित्रपट दाखवला. एकट्यानं पाहिला असता तर तो मला आवडला असता आणि महिन्याभरात मी विसरूनही गेलो असतो. मामांच्या शेजारी बसून पाहिला, म्हणून हा लेख.

जेसन कॉनरीचा हा चित्रपट २०१६ सालचा. गोष्ट खरी आहे, स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावातल्या बापलेकांची. दोघांचंही नाव टॉम मॉरिस. थोरल्या टॉमनं ‘ओपन’ ही स्पर्धा १८६१ ते १८६७ या काळात चार वेळा जिंकली. धाकट्यानं १८६८ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, पहिल्यांदा जिंकली आणि पुढची दोन वर्षंही सोडली नाही. सलग तीन वेळा जिंकणाऱ्याला मानाचा पट्टा कायमचा मिळायचा. तो धाकटा घरी घेऊन गेला, आणि द्यायला बक्षीसच उरलं नाही म्हणून १८७१ मध्ये स्पर्धाच झाली नाही. १८७२ मध्ये ती परत सुरू झाली, तेव्हाही तोच जिंकला. पण १८७५ च्या सप्टेंबरात त्याची बायको बाळंतपणात गेली, बाळही गेलं, आणि त्याच वर्षी नाताळच्या दिवशी तोही गेला. वय चोवीस. बाप मात्र १९०८ पर्यंत जगला.

चित्रपटाची पहिली जमेची बाजू म्हणजे त्यातलं गोल्फ. आपण टीव्हीवर पाहतो ते हिरव्या गालिच्यावरचं, टाळ्यासुद्धा हळू वाजवणारं गोल्फ इथं नाही. समुद्राकाठची वाळूची, ओबडधोबड, वाऱ्याची जमीन आहे. बघ्यांची गर्दी चेंडूच्या अंगावर येते, पैजा लागतात, हाणामारी होते. आपल्याकडच्या कुस्तीच्या आखाड्याला किंवा बैलगाडा शर्यतीच्या घाटाला ते जास्त जवळचं आहे. मामा पहिल्यांदा मोबाइलकडे सरकून बसले ते इथंच. ‘हे आपल्यासारखंच हाय की,’ म्हणाले.

दुसरी बाजू वस्तूंची. त्या काळात काठीचा दांडा लाकडाचा असे, पुढं हिकरी या अमेरिकी झाडाचं लाकूड रुळलं, आणि पोलादी दांड्याला ब्रिटनमध्ये परवानगी मिळाली ती थेट १९२९ मध्ये. चेंडूची गोष्ट तर आणखी मजेची. आधी चामड्याच्या पिशवीत उकडलेली पिसं ठासून चेंडू शिवत. दिवसभर खपून कारागिराच्या हातून तीन-चारच व्हायचे, त्यामुळं ते महाग. १८४८ च्या सुमारास मलायातल्या झाडाच्या चिकापासून, म्हणजे गटापर्च्यापासून, चेंडू बनू लागले. हे झाड आपल्या चिकूच्या आणि मोहाच्या कुळातलं. कच्चा चिकू तोडल्यावर बोटांना चिकटतो तो चीक आठवा. हा चेंडू स्वस्त होता, चेपला तर गरम पाण्यात मऊ करून पुन्हा वळता यायचा. खेळ खालच्या थरांत पसरला त्यात या चेंडूचा मोठा हात आहे. थोरला टॉम ज्याच्याकडे शिकला तो ॲलन रॉबर्टसन पिसांचे चेंडू बनवायचा. शिष्य गटापर्च्याच्या चेंडूनं खेळला, म्हणून दोघांचं फाटलं. म्हणजे ज्या माणसाला चित्रपट जुन्या वळणाचा ठरवतो, तो त्याच्या तरुणपणी नव्याच्या बाजूनं उभा राहिला होता.

माझी तक्रार इथून सुरू होते. चित्रपटानं बापलेकांत सरळ वाटणी केली आहे. धाकटा टॉम (जॅक लोडेन) बंडखोर. पैजा लावणाऱ्या श्रीमंतांकडे तो आपला वाटा आधी मागतो, त्यांच्यापुढे मान खाली घालत नाही. थोरला (पीटर मुलन) टोपी काढून उभा राहणारा. सॅम नीलनं केलेला क्लबचा कप्तान म्हणजे सगळ्या उच्चवर्गाचा एकच चेहरा. आपण अर्थातच धाकट्याच्या बाजूनं होतो. मीही झालो. वर्गाचा प्रश्न असा एका खलनायकात भरला की प्रेक्षकाचं काम सोपं होतं. त्याचा राग आला, की आपण योग्य बाजूला आहोत असं वाटायला लागतं.

मामा मात्र सगळा वेळ थोरल्याकडे बघत होते. ‘मैदान कोण राखतंय, ते बघ,’ ते म्हणाले. थोरला टॉम १८६५ पासून सेंट अँड्र्यूजच्या मैदानाची देखभाल करत होता. हिरवळीवर वाळू पसरली की गवत दाट आणि सपाट येतं, हे त्यानं पुन्हा पुन्हा करून दाखवलं. आमच्या भागात वाळू म्हटलं की भीमेतून आणि घोडनदीतून रात्री निघणारे ट्रक आठवतात. वाळू पसरून जमीन घडवणारा माणूस मला नवा होता. काठ्या बनवणं, भोकं पाडणं, गवत राखणं या कामांत एक अक्कल आहे. चित्रपटाला ती वातावरणापुरती पुरते. धाकट्याचं बंड ज्या जमिनीवर उभं आहे ती बापानं केलेली आहे, हे तो दाखवतो, पण त्याचा विचार करत नाही.

मी मूळचा शिरूरचा. आमच्या गावात इंग्रजांची छावणी होती. तिथल्या कर्नल वॉलेस या अधिकाऱ्याचा १८०९ मध्ये मृत्यू झाला. तो ७४ व्या पलटणीचा, म्हणजे स्कॉटलंडच्या हायलँडर लोकांच्या पलटणीचा. त्याच्या कबरीला लोक सत्पुरुष म्हणून मानत आणि पिकाच्या दिवसांत नैवेद्य दाखवत, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला लाज वाटली होती. मामा त्या म्हाताऱ्या साहेबांचं नाव अजून आदरानं घेतात, त्याचीही वाटायची. चित्रपट संपल्यावर मी बोलूनच गेलो, ‘मामा, अकरा वर्षं ओझं वाहिलंत आणि त्यांनी एक मोडकी काठी दिली. त्याचं काय एवढं?’

मामा चिडले नाहीत. म्हणाले, ‘काठी त्यांनी दिली रे. खेळायला मी सोमवारी शिकलो.’ सोमवारी मैदान सभासदांना बंद असे, तेव्हा कॅडींना खेळू देत. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय अली शेर कॅडीच होता, हे मामांनी मला अनेकदा सांगितलंय. त्यांच्या आदरात हिशेब होता, तो मला दिसला नव्हता. थोरल्या टॉमच्या टोपी काढण्यातही असा हिशेब असणार. पीटर मुलनच्या डोळ्यांत तो दिसतो. पटकथेत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही काठी घेऊन माळावर गेलो. मामांनी ओल्या वाळूची चिमूट ठेवून त्यावर चेंडू बसवला. लाकडी खुंट्या येण्याआधी सगळे असंच करत. मी विट्टी कोलायच्या सवयीनं जोरात हाणली. दांडा हातात पिळवटला आणि चेंडू बाभळीत गेला. ‘लाकडाला घाई चालत नाही,’ मामा म्हणाले, आणि स्वतः सावकाश, कमरेतून वळून फटका मारला. चेंडू फार लांब गेला नाही, पण सरळ गेला. चित्रपटात फटके जुन्या पद्धतीचे ठेवलेत, ते का तसे हे मला तेव्हा हाताला कळलं.

हल्ली हिकरीच्या काठ्यांनी खेळायच्या स्पर्धा भरतात, लोक जुने पोशाख घालून खेळतात. छंद छान आहे. जुनी वस्तू हातात घेतली की शरीराला बरंच काही समजतं, हे मी माळावर अनुभवलं. पण त्या छंदात काठी परत येते, बॅग वाहणारा येत नाही. ‘टॉमीज ऑनर’चं मोठेपण हे, की त्यात तो येतो. त्याची मर्यादा ही, की ताठ मानेनं उभा राहिला तरच तो त्याला नायक मानतो.

तरीही चित्रपट जरूर पाहा. बर्फातल्या शेवटच्या सामन्यासाठी पाहा, मुलनसाठी पाहा. आणि जमलं तर अशा कुणाच्या तरी शेजारी बसून पाहा, ज्यानं दुसऱ्याचं ओझं वाहिलंय.

माळावरून परत येताना काठी मी घेतली होती. बाभळीत गेलेला चेंडू मात्र मामांनीच शोधला. माझ्या हे घरी आल्यावर लक्षात आलं.