साचा आणि आराखडा : कोकणातील फायबरच्या शिडाच्या नौका

मालवणच्या बंदरात मासेमारीसाठी आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या फेरीसाठी वापरल्या जाणाऱ्या होड्यांमध्ये लाकडाची जागा बऱ्याच अंशी फायबरने घेतली आहे; परंतु फायबर आले तोवर इंजिनाने शीड उतरवलेले होते, आणि त्यामुळे वाऱ्यावर चालणारी फायबरची नौका या किनाऱ्यावर परंपरेची पुढची पायरी म्हणून घडली नाही, ती क्रीडानौकानयन आणि नौदल यांच्या वाटेने बाहेरून आली.

लाकडी होडीत पठाण, म्हणजे तळाचा कणा, आधी बसतो, त्यावर वाक, म्हणजे बाजूच्या फासळ्या, उभे राहतात, आणि मेस्त्रीची नजर प्रत्येक होडीत आकार थोडा बदलत, सुधारत जाते. फायबरचा क्रम याच्या उलट आहे. आधी मूळ आकृती घडवून तिच्यावरून साचा काढतात, साच्याला आतून मेण लावून जेलकोट, म्हणजे बाहेरचा रंगीत गुळगुळीत थर, चढवतात, आणि तो आळू लागला की काचतंतूंची चटई व विणीचे कापड रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या कृत्रिम राळेत, भिजवून, रोलरने हवा काढत, एकावर एक बसवतात. साचा चांगला असेल तर प्रत्येक बोट चांगली निघते. त्यात दोष असेल तर तोही तितक्याच निष्ठेने उतरतो. कोकणातील दमट हवा या कामाला अनुकूल नाही. थरांत हवा राहिली किंवा रेझिन नीट मुरले नाही, तर काही वर्षांनी पाणी जेलकोटमधून आत झिरपते आणि तळावर फोड येतात, आणि असा फोड फोडला असता आतून व्हिनेगरसारख्या आंबट वासाचा द्रव बाहेर येतो.

पाश्चात्य देशांत 1950 नंतर हे तंत्र रुळले, तेव्हा तंतूंच्या बळाचा पुरता अंदाज नसल्याने नौका जाड व भारी बांधल्या गेल्या, आणि त्यांपैकी अनेक आजही पाण्यावर आहेत. पुढे शर्यतीच्या नियमांनी आकार रुंद आणि हलके होत गेले. 1979 च्या फास्टनेट या सागरी शर्यतीत 303 नौका उतरल्या आणि वादळात 15 नाविकांचा मृत्यू झाला. त्यानंतरच्या चौकशीत, उलटलेली नौका स्वतः सरळ होते की नाही, हा प्रश्न ऐरणीवर आला. वेगाची ती किंमत नौकाशिल्पाने विसरता कामा नये.

या कलेचे खरे भारतीय उदाहरण मालवणच्या दक्षिणेला, गोव्यातील दिवाडी बेटावर सापडते. रत्नाकर दांडेकर यांच्या अक्वेरियस कारखान्यात बांधलेली ‘म्हादेई’ ही शिडाची नौका 2009 साली नौदलात दाखल झाली. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने आणि अभिलाष टॉमी यांनी 2012-13 मध्ये न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिची भगिनी ‘तारिणी’ 2017-18 मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांना आणि 2024-25 मध्ये दोघींना घेऊन जग फिरून आली. एकदोन नौकांसाठी साचा परवडत नाही. म्हणून येथे सीडर लाकडाच्या पट्ट्या जोडून गाभा केला आणि त्यावर काचकापडाचे कवच चढवले. कोकणासाठी ही पद्धत अत्यंत मोलाची आहे, कारण तिच्यात सुताराचा हात निरुपयोगी ठरत नाही आणि बोटीमागे बोट काढण्याची सक्तीही उरत नाही.

तरीही दोन्ही नौकांचा आराखडा नेदरलँड्समधील व्हॅन डी स्टाट यांचा, ‘टोंगा 56’, आहे. टॉमी 2023 मध्ये एकट्याने जग फिरण्याच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत ज्या ‘रस्लर 36’ नौकेतून दुसरे आले, तीही परदेशी, ब्रिटिश आहे. बांधणारे हात इथले आणि रेषा तिथल्या, हे या कलेचे आजचे चित्र आहे. इथे हाताशी असलेला इंजिनाच्या होडीचा साचा मागे वजन पेलण्यासाठी पसरट असतो. तशा होडीवर डोलकाठी उभारली म्हणून ती शिडाची नौका होत नाही, कारण शिडाला कलतेपणा सावरणारा खोल, वजनदार तळ आणि बाजूला सरकणे रोखणारी फळी लागते. मालवणसाठी असा आकार आखायचा, तर उथळ खाडीमुखात तळ वर उचलता यावा आणि पावसाळ्यात नौका वाळूवर ओढता यावी, या दोन अटी आधी धराव्या लागतील.