पारावरच्या म्हणी

'बैल गेला अन् झोपा केला' ही म्हण ऐकली की हल्लीची पोरं अर्थ लावतात, बैल चोरीला गेला तरी मालक झोपून राहिला. झोपा म्हणजे झोप नव्हे. गोठ्याच्या तोंडाला लावायचं काट्याकुट्याचं दार म्हणजे झोपा, कुणी त्याला झापाही म्हणतं. बैल गेल्यावर हा शहाणा दार करत बसला, ही त्यातली गंमत. आता गोठ्याला पत्र्याचं फाटक आलं, कित्येक गोठ्यांत बैलच उरला नाही. म्हण तेवढी राहिली, पण हसू गेलं.

शाळेतही तेच व्हायचं. अर्थ सांगा, वाक्यात उपयोग करा, मार्क घ्या. 'आठ हात लाकूड अन् नऊ हात ढलपी' म्हणजे अतिशयोक्ती करणे, असं आम्ही पाठ केलं. लाकडातून उडालेली ढलपी लाकडाहून हातभर लांब, हे डोळ्यापुढं आणा की! ज्यानं कुऱ्हाड चालवली त्यालाच असली थाप सुचायची.

'दुष्काळात तेरावा महिना' घ्या. संकटावर संकट, एवढाच अर्थ सांगतात. पण मला त्यात जास्त दिसतं. चंद्राचं वर्ष ३५४ दिवसांचं, सूर्याचं ३६५ दिवसांचं. हा मेळ घालायला ३२-३३ महिन्यांनी एक अधिक महिना येतो. शेतकऱ्याची नक्षत्रं मात्र सूर्यावर चालतात. अधिक असो नसो, मृग जूनच्या सुरुवातीलाच निघतो. म्हणजे तेराव्या महिन्यानं पाऊस काही लांबत नाही. मग रडायचं कशाला? तर हा धोंड्याचा महिना. लेक-जावयाला बोलवा, धोंड्याचं जेवण घाला, ३३ अनारशांचं वाण द्या. कणगीत ज्वारी नाही अन् जावई पाटावर बसलाय! माझ्या मते म्हणीतला खरा चिमटा हा आहे. जावयाला तोंडावर कोण बोलणार? मग पंचांगाला बोल लावायचा.

हीच म्हणीची खरी ताकद. एका ग्रामसभेत बंधाऱ्याचा खर्च वाचून दाखवत होते. पाणी त्या बंधाऱ्यात एक हिवाळासुद्धा टिकलं नव्हतं. मागून एक म्हातारी म्हणाली, "कुंपणच शेत खातंय, बाबा." सभा हसली. वाचणाराही हसला, करतो काय? तिनं कुणाचं नाव घेतलं नव्हतं. तो रागावला असता तर कुंपण कोण हे त्यानंच सांगितल्यासारखं झालं असतं. भाषणानं जे झालं नसतं ते चार शब्दांनी झालं, अन् म्हातारी बिनघोर घरी गेली.

पण सगळ्याच जुन्या म्हणींना मी डोक्यावर घेणार नाही. 'दिवस गेला रेटारेटी, चांदण्यात कापूस वेची.' आळशी बाईवरची म्हण. कानाला गोड लागते, चित्रही झकास आहे. फक्त त्या रेटारेटीत होतं काय ते बघा. पहाटे दळण, मग पाणी, भाकरी, शेण, लेकरू, दुसऱ्याच्या रानात खुरपणं. एवढं करून ती चांदण्यात आपला कापूस वेचायला गेली, तर तिला हसायचं? वेचणी आजही बहुतेक बायकांच्याच हातात आहे, मजुरी किलोवर. ही म्हण ज्यानं केली त्याचा दिवस पारावर गेला असणार, असा माझा दाट संशय आहे. आमची सून तर विचारते, "मामा, म्हण करणारा तवा कुठं होता?"

गंमत आहे, मनावर कशाला घ्यायचं, असं लोक म्हणतात. ग्रामसभेतल्या माणसाला गंमत सोसायला खुर्ची होती. या बाईला काय होतं? तिनं उलट उत्तर दिलं असतं तर तिच्या तोंडाळपणावर दुसरी म्हण तयार होती. जातीवरच्या म्हणी तर मी इथं लिहीतच नाही. त्या हसवण्यासाठी नव्हत्या, जागा दाखवण्यासाठी होत्या. कोशात नोंद म्हणून राहू द्याव्यात, लेकराच्या तोंडी नकोत.

मोबाईलवर सकाळी सकाळी बायकोवरचे विनोद येतात, ते याच पारावरचे. नव्या कपड्यात आले एवढंच. त्यांत ना ढलपी, ना झोपा, ना चांदणं. बायकोच्या जागी कुणाचंही नाव घाला, तसंच चालतं.

बायकांच्या बोलण्यातल्या म्हणी मात्र निराळ्या. 'चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे' ही म्हण पुरुष म्हणतो तेव्हा नुसती टिंगल असते. तीच भांडी घासता घासता सून हळू आवाजात पुटपुटते तेव्हा तो धीर असतो, अन् थोडी धमकीही. ओसरीवर बसलेल्या सासूला ती बरोबर ऐकू जाते.