कथेतला वाटा आणि नियमाची मालकी

'कोणी लिहिले' आणि 'कोणाविषयी लिहिले' हे दोन प्रश्न दलित साहित्याच्या चर्चेत आपण सातत्याने विचारीत आलो आहोत, आणि ते योग्यच आहे. परंतु या दोहोंच्या मुळाशी एक तिसरा प्रश्न आहे. कथा घडत असताना तिच्यावर अधिकार कोणाचा असतो? कोणत्या गोष्टी घडू शकतात आणि कोणत्या घडूच शकत नाहीत, हे कोण ठरवतो? छापील पुस्तकात हा प्रश्न झाकलेला राहतो. पुस्तक आपल्या हाती येते तेव्हा सगळे निर्णय होऊन गेलेले असतात. अमेरिकेत गेली पन्नास वर्षे रुजलेल्या एका कथाप्रकारात मात्र तो चारचौघांत, टेबलावर उघडा पडतो. म्हणून या प्रकाराची समीक्षा मला आवश्यक वाटते.

हा प्रकार म्हणजे टेबलाभोवती बसून खेळावयाचा भूमिकाखेळ. चारपाच माणसे एकत्र बसतात. त्यांतील एक सूत्रधार असतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि 'मी दार उघडतो', 'मी त्याला विचारतो' असे तोंडाने सांगत राहतात. दारापलीकडे काय आहे हे सूत्रधार सांगतो. जमेल की नाही याची शंका असेल तेथे फासे टाकले जातात. लिहून तयार अशी संहिता नसते. आपल्याकडचा जुना वगही असाच प्रसंगाचा सांगाडा घेऊन उभा राही आणि सोंगाड्या त्यात आपल्या जिभेने भर घाली. साम्य इतकेच, येथे प्रेक्षक नसतो, जो ऐकतो तोच रचतो.

या प्रकाराचा उगम लक्षात घेण्याजोगा आहे. मिनेसोटातील जुळ्या शहरांत लढायांचे पट खेळणारी काही तरुण मंडळी होती. १९६९ साली डेव्हिड वेस्ली यांनी ब्राउनश्टाइन नावाच्या काल्पनिक जर्मन गावाचा पट मांडला आणि सैन्याबाहेरच्या माणसांच्याही भूमिका खेळाडूंना वाटल्या. खेळाडू ठरवून दिलेल्या वाटेने गेलेच नाहीत. ते आपापसांत बोलू लागले, खलबते करू लागले, योजना पार विस्कटली. खेळ फसला असे वेस्लींना वाटले. खेळाडूंना मात्र तो पुन्हा हवा होता. त्याच मंडळींतील डेव्ह अर्नेसन आणि विस्कॉन्सिनमधील गॅरी गायगॅक्स यांनी पुढे जानेवारी १९७४ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. म्हणजे हा कथाप्रकार जन्मला तोच खेळाडूंनी मांडणाऱ्याची योजना मोडली म्हणून.

परंतु खेळ पुस्तकात गेला आणि अधिकार पुन्हा एका हाती गेला. १९७९ साली गायगॅक्स यांनी केवळ सूत्रधारासाठी वेगळा ग्रंथ लिहिला. हे पुस्तक खेळाडूंसाठी नाही असे त्यांनी प्रस्तावनेतच बजावले आहे, आणि ज्या खेळाडूपाशी ते सापडेल त्याच्याविषयी अत्यंत तुच्छतेने लिहिले आहे. सूर थट्टेचा आहे, हे मान्य. तथापि ज्यांच्या पूर्वजांना ग्रंथ ऐकण्याचीही बंदी होती, त्यांना थट्टेतले हे गृहीतक ओळखू येते. नियम सर्वांवर चालणार, पण तो वाचण्याचा हक्क एकाचा, असे हे गृहीतक आहे.

नियम काय होते तेही पाहू. १९७४ च्या खेळात मनुष्य सोडून इतर वंशांच्या पात्रांना जन्मानेच मर्यादा होती. बुटक्या 'ड्वार्फ' वंशाच्या पात्राने योद्धाच व्हावे आणि सहाव्या पायरीपर्यंतच चढावे. त्याहून लहानखुऱ्या 'हॉबिट' पात्राची धाव चौथ्या पायरीपर्यंत. मनुष्याला अशी सीमा नव्हती. १९८१ च्या सोप्या आवृत्तीत तर हे वंश हाच त्यांचा धंदा ठरला. मनुष्याने योद्धा, पुरोहित, मांत्रिक किंवा चोर यांतून निवड करावी; ड्वार्फने फक्त ड्वार्फ असावे. १९७८ च्या नियमांत स्त्री-पात्राच्या शारीरिक बळाची कमाल मर्यादा पुरुषाहून खाली ठेवली होती. आणि 'ओर्क' नावाची एक संबंध जमात स्वभावतः दुष्ट मानली गेली होती, म्हणजे तिला मारताना कोणाला विचार करण्याचे कारण नाही.

जातिव्यवस्था ही केवळ कामांची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच उतरंडीतली वाटणी आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली दाखवून दिले. अमेरिकेतील त्या लेखकांनी मनुस्मृती वाचली होती असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे एवढेच की जन्मावरून गुण, गुणावरून धंदा आणि धंद्यावरून पायरी ठरवण्याची सवय विषमतेवर उभ्या असलेल्या प्रत्येक समाजाच्या कल्पनेत मुरलेली असते. कल्पना मुक्त असते हा प्रस्थापितांचा आवडता सिद्धांत आहे. येथे राक्षस, जादू, उडते घोडे सारे काही कल्पिता आले; जन्मजात पायरी नसलेला समाज तेवढा कल्पिता आला नाही!

यावर पुढे टीका झाली. खेळाच्या मालक कंपनीने २०२० साली ओर्कादी जमातींचे चित्रण बदलण्याचे जाहीर केले. २०२४ च्या आवृत्तीत 'वंश' हा शब्द गेला, आणि अंगभूत गुणांची वाढ जन्माऐवजी पात्राच्या पूर्वायुष्याशी, म्हणजे तो शेतकरी होता की सरदार याच्याशी, जोडली गेली. हा बदल स्वागतार्ह आहे. परंतु तो कोणी केला? टीका खेळाडूंनी केली. दुरुस्ती मालकाने, आपल्या सोयीने केली.

येथे मूळ विषयाकडे येतो. खेळाडूंना निर्मितीत वाटा द्यावा असे आता अनेक सूत्रधार म्हणतात. 'गावातल्या खानावळीचे नाव तू सांग', 'तुझ्या पात्राचा शत्रू कोण ते तू ठरव', असे ते विचारतात. याला निर्मितीच्या अधिकाराची वाटणी म्हटले जाते. माझ्या मते येथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. तपशील भरण्याची मुभा ही एक गोष्ट, आणि तपशील कोणत्या चौकटीत भरायचा हे ठरवण्याचा अधिकार ही दुसरी. पहिली गोष्ट सूत्रधार देतो तशी परतही घेऊ शकतो. प्रस्थापित साहित्यानेही आपल्याला अशी मुभा दिली होतीच. तुमच्या वस्तीतले अनुभव आणा, बोली आणा, दाहकता आणा. ते वाङ्मय आहे की नाही हे आम्ही ठरवू! अशा वाट्याला अधिकार म्हणता येत नाही.

अधिकाराची वाटणी नियमातच घालणारे काही खेळ आहेत. बेन रॉबिन्स यांचा 'मायक्रोस्कोप' (२०११) हा असा एक. त्यात सूत्रधार नाही. सर्व मिळून एका काल्पनिक संस्कृतीचा इतिहास रचतात. परंतु ज्याची पाळी असेल त्याने काय घालायचे ते एकट्यानेच ठरवायचे. इतरांनी सुचवायचे नाही. वरवर हा नियम असहकाराचा वाटतो. प्रत्यक्षात तो दबलेल्या आवाजाचे रक्षण करतो. जेथे सर्व काही चर्चेने आणि एकमताने होते तेथे ज्याला बोलण्याची सवय आहे त्याचेच मत 'सर्वांचे' ठरते. स्वतंत्र मतदारसंघाची मागणी का करावी लागली हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचे मर्म वेगळे समजावण्याची गरज नाही.

व्हिन्सेंट बेकर आणि मेगी बेकर यांच्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' (२०१०) या खेळात सूत्रधार आहे, पण तो मोकाट नाही. त्याचे उद्दिष्ट काय असावे, त्याने कोणत्या तत्त्वांनी वागावे आणि कोणती पावले टाकावीत हे पुस्तकात लिहिलेले आहे, आणि ते खेळाडूलाही वाचता येते. सूत्रधार फासे टाकीतच नाही. खेळाडूंना प्रश्न विचारणे आणि त्यांच्या उत्तरांवर पुढची कथा उभारणे हे त्याच्यावर बंधन आहे. सूत्रधाराची मर्जी आणि सूत्रधारालाही बांधणारा नियम यांतला फरक राजा आणि राज्यघटना यांतल्या फरकाइतका मोठा आहे.

तथापि मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो लियाम बर्क यांचा 'डॉग ईट डॉग' (२०१३). प्रशांत महासागरातल्या एका बेटावर परकी सत्ता येते. एक खेळाडू ती सत्ता होतो, बाकीचे मूळ रहिवासी. सत्ता कोणी व्हायचे? टेबलावर प्रत्यक्षात जो सर्वांत श्रीमंत असेल त्याने. खेळाचा पहिला नियम छापूनच दिला आहे: रहिवासी हे सत्ताधाऱ्यांहून हीन आहेत. प्रत्येक प्रसंगानंतर, त्यातून काय धडा मिळाला त्यावरून, रहिवासी स्वतःच एक नवा नियम यादीत घालतात.

आमच्या अभ्यासवर्गात आम्ही सहा जण एकदा हा खेळ खेळलो. सर्वांत श्रीमंत कोण, या प्रश्नावर बराच वेळ कोणी बोलेना. सगळे वसतिगृहातले विद्यार्थी, शिष्यवृत्तीवर शिकणारे. मी पगारदार शिक्षक. शेवटी बोटे माझ्याकडे वळली. खोलीबाहेर माझे स्थान काय आहे हे मला समाजाने पुरेसे शिकवले आहे. खोलीत मी सत्ता होतो. दुसऱ्या प्रसंगात मी एका कोळ्याची होडी अडवली, इतकेच. त्यावरून पोरांनी नियम लिहिला: परवानगीशिवाय होडी पाण्यात घालायची नाही. असा हुकूम मी दिला नव्हता. पुढे त्यांतल्याच एकाने दुसऱ्याला, नियम मोडतोस म्हणून, माझ्या आधी हटकले. खेळ संपल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, लिहिण्याचा अधिकार तर आमच्याकडेच होता. मग आम्ही असं का लिहिलं?"

तिचा प्रश्न या लेखाचा गाभा आहे. लेखणी हाती येणे पुरेसे नसते. पहिला नियम आधीच लिहिलेला असेल, तर त्याखाली आपण स्वखुशीने जे लिहितो तेही त्याच नियमाचे भाष्य होते. श्रेणीबद्ध विषमतेत प्रत्येक पायरीवरचा माणूस खालच्यावर पहारा ठेवतो, तो याच रीतीने. आणि आपल्यातील सुस्थितीत गेलेल्यांनीही स्वतःला विचारावे की आपल्याच वस्तीच्या टेबलावर आज सत्तेची खुर्ची कोणाकडे आहे. हा प्रश्न गैरसोयीचा आहे, म्हणूनच तो टाळता कामा नये.

हे सारे इंग्रजी जाणणाऱ्या, खाऊनपिऊन सुखी वर्गाचे मनोरंजन आहे, आपला त्याच्याशी संबंध काय, असा आक्षेप कोणी घेईल. वर्गाविषयीचे निरीक्षण बरेचसे खरे आहे. या खेळांची पुस्तके महाग असतात, आणि त्यांवर मालकी हक्कही आहेत. २०२३ च्या जानेवारीत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या मालकांनी खुला परवाना आवळण्याचा प्रयत्न केला. खेळाडूंनी आणि छोट्या प्रकाशकांनी इतका विरोध केला की त्याच महिन्यात माघार घेऊन मूळ नियमांचा मोठा भाग सर्वांसाठी मुक्त करावा लागला. संघटित विरोधाने नियमाची मालकी सैल होते, याचा हा पुरावा आहे. शिवाय खेळायला लागतात ती माणसे, कागद आणि बोलणे. या तीन गोष्टींची आपल्या वस्त्यांत कधी वाण नव्हती. आपल्या कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी असे खेळ मराठीत, आपल्या प्रश्नांवर रचावेत. तसे करताना मात्र एक कसोटी लावावी. खेळात दलित पात्र आहे का, हा प्रश्न दुय्यम आहे. त्या पात्राचा खेळाडू पहिला नियम खोडू शकतो का, हा प्रश्न मुख्य.

१९२७ साली महाडला आपण मार्चमध्ये तळ्याचे पाणी घेतले आणि डिसेंबरात मनुस्मृती जाळली. पाणी घेणे हा कथेतला आपला वाटा होता. ग्रंथ जाळणे हा पहिल्या नियमाला नकार होता. दुसरी कृती झाली नसती तर पहिली ही कोणाची तरी कृपा म्हणून सांगितली गेली असती. निर्मितीच्या अधिकाराविषयी बोलणाऱ्या प्रत्येक कलाप्रकाराला आपण हे महाडचे माप लावले पाहिजे, मग ती कादंबरी असो, जलसा असो वा टेबलावरचा खेळ.